डोकरियानीच्या वाटेवरचा पिवळा धुरळा

चीड वसंतात पराग उधळतो, देवदार मात्र पाऊस सरल्यावर. सप्टेंबर संपत आला की त्याच्या फांद्यांवर बोटभर लांबीचे नरशंकू ताठ उभे राहतात आणि ऑक्टोबरातल्या कोरड्या दुपारी वाऱ्याच्या एकेका झोतासरशी रिकामे होत जातात. गढवालमधल्या हर्सिलला आम्ही पोचलो ते नेमके त्या दिवसांत. रस्त्याकडेला सफरचंदांच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या फळ्यांवर पिवळी भुकटी साचली होती. एका उभ्या जीपच्या काचेवर कुणीतरी त्या भुकटीत बोटाने नाव लिहून ठेवलं होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खीर गंगेच्या लोंढ्याने शेजारचं धराली गाडून टाकलं, त्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा धरालीतल्या हॉटेलांसमोरही अशाच धुरळलेल्या जीपा उभ्या होत्या.

माझ्याबरोबर पुण्याची एक तरुण संशोधक होती. परागकणांवरून जुन्या हवामानाचा माग काढणं हा तिचा विषय. तिने पेटीवरची चिमूटभर भुकटी चिकटपट्टीवर टिपली आणि फोल्डस्कोपमध्ये सरकवली. मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक खिशात मावतो आणि सुमारे १४० पट मोठं दाखवतो. मी तो उजेडाकडे धरून डोळा लावला. मधोमध फुगीर अंग, दोन बाजूंना हवेच्या दोन पिशव्या. असे एकाशेजारी एक कितीतरी.

“चिडाच्या कणांत या पिशव्या अंगापासून स्पष्ट वेगळ्या दिसतात,” ती म्हणाली. “देवदाराच्या बघा ताई, अंगातच मिसळून गेल्यात. कुठे सुरू झाल्या ते कळत नाही.”

या पिशव्यांमुळे कण हलका राहतो आणि वाऱ्यावर लांबवर जातो. तो नेमका किती लांब जातो, हा प्रश्न पुढच्या सगळ्या वाटेवर आमच्या बोलण्यात होता.

हर्सिलमध्ये देवदाराचा विषय निघाला की फ्रेडरिक विल्सनचं नाव निघतंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा इंग्रज इथे येऊन स्थायिक झाला, टिहरीच्या राजाकडून त्याने जंगलतोडीचा ठेका मिळवला आणि देवदाराचे ओंडके भागीरथीत सोडून खाली मैदानात न्यायला सुरुवात केली. रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी ते लाकूड गेलं. मी तिला विचारलं, की उद्या या खोऱ्यातल्या एखाद्या तळ्याच्या गाळात देवदाराचे कण एकदम कमी झालेले दिसले, तर दोष हवामानाचा की विल्सनच्या कुऱ्हाडीचा? तिने प्रश्न गंभीरपणे घेतला. हवामान पालटलं तर सगळ्या रानाची मांडणीच हलते; एक झाड मागे हटतं, दुसरं पुढे येतं, गवतं आणि नेचेही बदलतात. कुऱ्हाड चालली तर देवदार कमी होतो, पण त्याच्या जागी मोकळ्या जमिनीवरचं तण आणि गुराढोरांच्या वाटेवरच्या वनस्पती वाढतात. जाळून रान साफ केलं असेल तर कोळशाचे बारीक तुकडेही सापडतात. “एका झाडावर विसंबून निकाल द्यायचा नसतो,” ती म्हणाली.

आम्हाला जायचं होतं डोकरियानीला. भागीरथीच्या खोऱ्यात भटवाडीच्या पुढे भुक्की नावाचं गाव आहे. यात्रेकरूंच्या बस तिथे थांबत नाहीत. थांबतात ते उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे विद्यार्थी आणि हिमनद्यांचा अभ्यास करणारे. तिथून दीनगाडच्या काठाकाठाने वर चढलं की द्रौपदी का डांडा या शिखराच्या पायथ्याशी डोकरियानी बामक लागतं. बामक म्हणजे हिमनदी. या दरीत, वृक्षरेषेच्या आसपास, एक दलदल आहे आणि तिच्यात शतकानुशतकं कुजत न गेलेलं वनस्पतींचं काळं अवशेषद्रव्य, पीट, साचलेलं आहे. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतले नेताजीराव फडतरे यांनी त्या पीटमधले परागकण थराथराने मोजले आणि २००० साली ‘क्वाटर्नरी रिसर्च’ या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. गेल्या ७८०० वर्षांत इथला मोसमी पाऊस कसकसा चढला-उतरला, याचा तो आलेख आहे. तो निबंध वाचल्यापासून ती दरी पाहायचं माझ्या मनात होतं.

भुक्कीच्या शेतांत चौलाई, म्हणजे आपला राजगिरा, काढणीला आला होता. गडद किरमिजी कणसांनी उतारच्या उतार भरून गेले होते. बायका विळ्याने कापून भारे बांधत होत्या, आणि त्यांचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. संशोधक थांबली, एका बाईची परवानगी घेऊन एक कणीस तिने डबीत झटकून घेतलं. राजगिऱ्याचा परागकण गोल असतो आणि त्याच्यावर सगळीकडून छिद्रं असतात. चंदनबटव्याच्या कुळातल्या वनस्पतींचेही कण नेमके असेच. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही वेगळे काढणं इतकं अवघड, की परागशास्त्रात दोघांना एकाच खात्यात टाकतात. आता अडचण अशी, की चंदनबटव्याचं कूळ लडाख-तिबेटसारख्या रुक्ष प्रदेशात फोफावतं. त्यामुळे ते कण वाढले की अभ्यासक कोरड्या हवेचा अंदाज बांधतात. आणि इथे तर भरपूर पावसाच्या खोऱ्यात, माणसांनी पेरलेलं हे किरमिजी पीक त्याच खात्यात जमा होणार! मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. डोंगराच्या परागकणांचा हिशेब लावायचा तर गावात कोण काय पेरतं हेही माहीत असायला हवं.

आमच्याबरोबर भुक्कीचे एक प्रौढ गृहस्थ होते. आयुष्यभर गिर्यारोहकांचं सामान वाहिलेले. आम्ही त्यांना भाईजी म्हणत होतो, ते आम्हा दोघींना दीदी. त्यांनी पहिल्याच चढावर सांगून टाकलं: “दीदी, दिन में हवा ऊपर जाती है, रात को नीचे आती है।” तंबू लावताना दार कुठल्या बाजूला करायचं ते यावरून ठरतं, असं त्यांचं म्हणणं. सकाळी दहाच्या सुमाराला खरोखरच खालून झुळूक सुरू झाली. ऊन लागलं की दरीच्या उतारांवरची हवा तापते, हलकी होते आणि उतार धरून वर चढते. तिची जागा घ्यायला खालच्या खोऱ्यातली हवा येते. सूर्य मावळल्यावर उलटं होतं, गार जड हवा हिमनदीकडून खाली घरंगळते. पण झाडं पराग सोडतात ते बहुतेक दिवसा, कोरड्या उन्हात. म्हणजे खालच्या रानाचा धुरळा रोज वर वाहतो. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरकाशीच्या उतारांवर चीड पिवळाधमक होतो, तेव्हा ते कण या वाऱ्यावर स्वार होऊन, जिथे झाडाचं नाव नाही अशा बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, आणि बर्फावर जाऊन पडतात.

डोंगरातल्या परागशास्त्राची खरी मेख इथे आहे. वरच्या गवताळ कुरणात नमुना घेतला तर त्यात स्थानिक गवतफुलांपेक्षा चिडाचेच कण जास्त सापडू शकतात. केवळ आकडे पाहणारा म्हणेल, इथे चिडाचं जंगल होतं. प्रत्यक्षात चीड एक-दीड हजार मीटर खाली उभा असतो.

आणि याच्या उलटही घडतं. तेल कॅम्पच्या पुढे आम्ही बुरांशच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, रानातून चालत होतो. वाकडी, तांबूस सालीची, शेवाळलेली झाडं. वसंतात ही सगळी दरी लाल होते. पण बुरांशचा पराग चिकट असतो, चार-चार कण एकमेकांना जोडलेले असतात आणि ते किडे-पाखरं वाहून नेतात. वाऱ्यावर ते जवळपास येतच नाहीत. त्यामुळे बुरांशच्या ऐन दाटीत घेतलेल्या नमुन्यातही बुरांश अगदी थोडा निघतो. ज्याचं रान आहे त्याची नोंद नाही, आणि ज्याचं नाही त्याच्या नोंदींनी पानं भरलेली. या दोन गोष्टी एकाच उतारावर लागोपाठ पाहिल्या तेव्हा आमच्या पायपिटीचं कारण मला नीट कळलं.

ती मॉस गोळा करत होती. दर काही शे मीटर चढलं की थांबायची. आधी उंची लिहायची, मग नजरेच्या टप्प्यातली झाडं, झुडपं, गवतं. मग दगडांवरून, झाडांच्या बुंध्यांवरून, ओल्या मातीवरून मॉसच्या पाच-सहा चिमटी कात्रीने कापून घ्यायच्या. मातीला धक्का लावायचा नाही, कारण मातीत जुने कण असतात आणि तिला हवे असतात हल्लीचे. मॉसची गच्च गादी वरून पडणारे कण धरून ठेवते. त्यात गेल्या काही वर्षांची पराग-बरसात एकत्र साठलेली असते. एका वर्षी चीड जास्त फुलला, एका वर्षी कमी, असले चढउतार त्यात आपोआप समतोल होतात. सगळ्या चिमटी एका पिशवीत, पिशवीवर क्रमांक. भाईजींना सुरुवातीला नवल वाटलं, पण दुसऱ्या दिवसापासून चांगला ओला मॉस कुठे आहे ते तेच हाक मारून सांगू लागले.

चढताना रान बदलत गेलं आणि तिच्या वहीतली यादीही. खाली बांज आणि उतीस, मग मोरू, मग खर्सूचे काळसर, काटेरी पानांचे ओक. त्यांच्यात रागा, म्हणजे पश्चिम हिमालयातला फर, सरळसोट उभा. रागाचे परागकण देवदाराहूनही मोठे आणि जड, ते झाडापासून फार लांब जात नाहीत. म्हणून गाळात रागाचे कण थोडे जरी सापडले तरी झाड जवळपास होतं असं म्हणता येतं. त्याच्या वर भोजपत्राची पांढरी, कागदासारखी सुटणारी साल. त्या सालीच्या पट्ट्या वाटेवर पडल्या होत्या. भोजपत्र हे झाडांचं शेवटचं ठाणं. त्याच्या वर वृक्षरेषा संपते आणि बुग्याल सुरू होतात. गुज्जरांच्या झोपड्या रिकाम्या होत्या; म्हशी घेऊन ते केव्हाच खाली उतरले होते.

एका झोपडीशेजारी रात्री शेकोटी पेटवून बसलो असताना तिने प्रयोगशाळेतलं काम समजावून सांगितलं. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं, आणि निसर्गातल्या चिवट पदार्थांत त्याचा नंबर फार वरचा. म्हणून परागशास्त्राची सगळी रीत उलट्या दिशेने चालते: पराग शोधायचा नाही, बाकीचं सगळं जाळून टाकायचं. आधी अल्कलीत उकळून कुजलेलं द्रव्य काढायचं. मग हायड्रोफ्लोरिक आम्लाने वाळू विरघळवायची. हे आम्ल काचही खातं आणि हाडापर्यंत पोचतं, त्यामुळे तिथे चूक चालत नाही. मग अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडचे नऊ भाग आणि तीव्र गंधकाम्लाचा एक भाग, ही स्वीडनच्या गुन्नार एर्ट्मान यांची रीत. एवढ्यातून जे उरतं ते परागकण आणि बीजाणू. सुरुवातीला नमुन्यात लायकोपोडियमच्या बीजाणूंची एक गोळी टाकलेली असते. गोळीत बीजाणू किती हे ठाऊक असतं, त्यामुळे पट्टीवर ते किती दिसले त्यावरून मूळ नमुन्यात पराग किती होता याचा हिशेब लागतो. मग बसायचं मोजत. एकेका नमुन्यात शेकडो कण, एकेक ओळखून.

हे मोजून आलेख काढायची कल्पना लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूशास्त्रज्ञाने १९१६ साली एका व्याख्यानात मांडली, तिथून या शास्त्राची वाट पडली. भारतात बिरबल साहनी यांनी लखनौला संस्था उभी केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली आणि आठवड्याभरातच साहनी गेले. आज हिमालयातल्या पराग-अभ्यासाचा मोठा भाग त्या संस्थेतून होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या दलदलींच्या भागात होतो. गवताखाली पाय दाबला की काळं पाणी वर यायचं. थंडी आणि सतत साचलेलं पाणी, यामुळे मेलेली पानं-मुळं पुरती कुजत नाहीत. एकावर एक थर दाबले जातात. ते इतकं सावकाश होतं की सेंटिमीटरभर जाडीत अनेक दशकं मावतात. फडतऱ्यांच्या आलेखात ७८०० वर्षांपूर्वी इथे गार, ओलसर हवा आहे आणि सदाहरित ओक जोरात आहे. पुढे सूचिपर्णी झाडं वाढत जातात, पाऊस वाढत जातो. सुमारे ६००० ते ४५०० वर्षांपूर्वीचा काळ सगळ्यात उबदार आणि सगळ्यात जास्त पावसाचा. आणि मग ४००० ते ३५०० वर्षांपूर्वी सूचिपर्णींचे कण झपाट्याने घसरतात, ओक उसळी घेतो. फडतरे याचा अर्थ लावतात तो असा, की थंडी वाढली आणि गेल्या ७८०० वर्षांतला सर्वांत दुबळा मोसमी पाऊस याच टप्प्यात पडला. त्यानंतर सुमारे ३००० आणि २००० वर्षांपूर्वी थंड-कोरड्या हवेचे दोन लहान धक्के आहेत, आणि ८०० वर्षांपूर्वीच्या आसपास आणखी एक.

ही वर्षं वाचली की मराठी माणसाला इनामगाव आठवल्यावाचून राहत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराला एक मोठा बदल दिसतो. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती खालावते, आणि इ. स. पू. ७०० च्या आसपास गाव ओस पडतं. म. के. ढवळीकरांनी याचं कारण वाढतं अवर्षण सांगितलं. इ. स. पू. १००० म्हणजे आजपासून सुमारे ३००० वर्षं मागे, म्हणजे फडतऱ्यांच्या पहिल्या लहान धक्क्याच्या जवळपास. गढवालच्या एका दलदलीवरून पुणे जिल्ह्यातल्या एका गावाची कहाणी सिद्ध होत नाही, आणि दोन्हीकडच्या कालगणनेत शतकभराची ढिलाई सहज असते. पण पाऊस एकच आहे. अरबी समुद्रावरून येऊन घोड नदीच्या काठावर पडणारा आणि बंगालच्या उपसागरावरून येऊन दीनगाडमध्ये शिरणारा, हे एकाच मोसमी चक्राचे दोन हात आहेत. त्यामुळे या दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवून पाहायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्रातल्या तळ्यांच्या गाळातले परागकण त्यासाठी आणखी कितीतरी मोजायला हवेत.

हिमनदीच्या मुखाशी पोचलो तेव्हा दुपारचा वारा जोरात होता. दगडगोट्यांनी झाकलेला करडा बर्फ, त्याखालून गढूळ पाणी. १९६२ ते १९९५ या काळात हे मुख ५५० मीटर मागे हटलं, दर वर्षी सरासरी साडेसोळा मीटरहून जास्त. भाईजींनी हात करून दाखवलं, त्यांच्या तरुणपणी बर्फ कुठपर्यंत होता ते. तिथे आता मोठमोठे खडक आणि त्यांच्या फटींत रुजलेलं गवत होतं.

बर्फातही परागकण अडकलेले असतात, आणि ते थरांचं कॅलेंडर म्हणून वापरता येतात. रशियातल्या आल्ताई पर्वतात सोफीस्की हिमनदीवर जपानी संशोधकांनी हे करून दाखवलं. वसंतात फुलणाऱ्या झाडांचे कण एका पट्ट्यात, उन्हाळा सरताना फुलणाऱ्या दवण्याच्या कुळातल्या झुडपांचे त्याच्या वरच्या पट्ट्यात. त्यावरून वर्षं मोजली. धूळ किंवा रसायनं जिथे वितळलेल्या पाण्याबरोबर झिरपून जातात, तिथेही परागकण बऱ्याच अंशी जागा धरून राहतात. इथे मात्र बर्फ वितळतोय तो खालच्या टोकाला, जिथे तो सगळ्यात जुना आहे, आणि त्यात अडकलेले कण पाण्याबरोबर भागीरथीत निघालेत. मोजायच्या आधीच. मला त्या गढूळ पाण्याकडे बघताना वाईट वाटलं.

ती मात्र खडकांच्या फटींत मॉस शोधत होती. नव्याने उघड्या पडलेल्या जमिनीवर मॉस लवकर येतो, आणि या जागेचा पहिला आधुनिक नमुना तोच. तिने तो घेतला, वहीत लिहिलं: मुखापासून अंदाजे अंतर, गवत, दवण्याच्या जातीचं झुडूप, झाड नाही.

मार्चमध्ये तिचा फोन आला. पिशव्यांमधल्या निम्म्याअधिक नमुन्यांची मोजणी झाली होती. मुखाजवळच्या मॉसमध्ये अपेक्षेप्रमाणे चीड भरपूर होता. बुग्यालावरच्या एका नमुन्यात सगळीकडून छिद्रं असलेले ते गोल कण होते, आणि भुक्कीच्या कणसातून घेतलेल्या कणांशी ते आकाराने आणि छिद्रांच्या संख्येने बरेच जुळत होते. पण बरेच जुळणं पुरेसं नव्हतं. त्यासाठी तिला राजगिरा फुलण्याच्या दिवसांत, म्हणजे पाऊस ऐन जोरात असताना, भुक्कीपासून बुग्यालापर्यंत ठिकठिकाणी हवेतले कण पकडणारे सापळे लावायचे होते. दरडींमुळे तेव्हा गंगोत्रीचा रस्ता महिन्यात कितीदा बंद पडेल याचा भरवसा नसतो. भाईजींशी तिचं बोलणं झालेलं होतं. सापळ्यांच्या काचपट्ट्या दर आठवड्याला बदलायचं काम ते आणि त्यांची सून करणार होते. मला तिने विचारलं ते एवढंच, की मी ऑगस्टमध्ये मोकळी आहे का.